डायनामो काढून अल्टरनेटर बसवल्यावर आलेले चार्जिंगचे दोष: माझा अनुभव

माझ्या जुन्या गाडीत चार्जिंगला ल्यूकसचा सी 40 डायनामो (जुन्या पद्धतीचा डीसी जनरेटर) होता, आणि तो साधारण 22 अँपिअर देतो. त्याच्या जागी मी 65 अँपिअरचा, रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) आतच असलेला अल्टरनेटर बसवला. गाडीचा निगेटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक बॉडीला, आधीच करून घेतला होता. जुन्या अनेक इंग्लिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो आणि तो तसाच ठेवून अल्टरनेटर जोडला, तर बॅटरी लावताक्षणी त्याचे डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळतात.

दिवे बंद असताना बॅटरीवर 14.1 व्होल्ट यायचे. हेडलाइट, वायपर आणि हीटरचा पंखा लावला की 12.9, आणि डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मंद पेटायचा. शिवाय गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरलेली. अशा वेळी पहिला संशय नव्या अल्टरनेटरवर जातो. तो खोलण्याआधी व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायर आणि जोडांत हरवणारे व्होल्ट, मोजावा, हे माझे ठाम मत आहे, आणि तोही भार लावूनच. भाराशिवाय खराब वायरसुद्धा उत्तम आकडे दाखवते.

इंजिन 2000 आरपीएमवर ठेवून सगळे दिवे लावले. अल्टरनेटरचा बी प्लस बोल्ट (चार्जिंगचा प्रवाह बाहेर येतो तो) आणि त्याची बॉडी यांच्यात 14.3 व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत. मग मल्टीमीटरची लाल पिन बी प्लसवर आणि काळी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर: 1.1 व्होल्ट. अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचे निगेटिव्ह: 0.3 व्होल्ट. बेरीज 1.4, आणि बॅटरीवरचे 12.9 तिथेच जुळले. पॉझिटिव्ह बाजूला 0.2 आणि अर्थच्या बाजूला 0.1 व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप मी चालवून घेत नाही.

कारण उघड होते. डायनामोचीच जाड वायर वापरली होती आणि ती 22 अँपिअरच्या हिशेबाची. क्लॅम्प मीटरवर तिच्यातून 27 अँपिअर जात होते, 1.1 गुणिले 27, म्हणजे सुमारे 30 वॅट उष्णता त्या वायरीत आणि कंट्रोल बॉक्सच्या (डायनामोच्या बाहेरच्या रेग्युलेटरची पेटी) गंजलेल्या स्क्रूंवर. बॅटरी रिकामी असती तर प्रवाह आणखी वाढला असता आणि इन्सुलेशन वितळले असते.

बी प्लसपासून थेट स्टार्टर सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या बोल्टपर्यंत 16 चौरस मिलिमीटरची नवी केबल टाकली, बॅटरीच्या टोकाला 80 अँपिअरचा फ्यूज घालून. लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) दाबयंत्राने क्रिंप केले, म्हणजे दाबून पक्के बसवले. पकडीने चेपलेले लग काही महिन्यांत सैल होतात. इंजिन रबरी माउंटवर बसलेले असल्याने अर्थ इंजिन आणि बॉडी जोडणाऱ्या, विणलेल्या तारांच्या पट्टीवर अवलंबून असतो. ती बदलली आणि रंगाखालचे लोखंड घासून चकचकीत केले. भार लावून बॅटरीवर आता 14.1.

लाल दिवाही त्यामुळेच विझला. त्या दिव्याच्या एका टोकाला अल्टरनेटरचे डी प्लस असते, दुसऱ्या टोकाला इग्निशन. डी प्लसवर 14.3 आणि इग्निशनकडे 12.8 असतील, तर उरलेल्या दीड व्होल्टवर बल्ब मिणमिणतो. हाच बल्ब अल्टरनेटर जागा करतो. 2.2 वॅटच्या बल्बमधून सुमारे 0.18 अँपिअर फील्डला (अल्टरनेटरमधल्या चुंबकीय कॉइलला) मिळतात. त्याजागी एलईडी लावला तर एवढा प्रवाह जात नाही आणि जोरात रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही. एलईडी हवाच असेल तर त्याला समांतर 68 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर लावावा.

जुना अँमीटर प्लस-मायनस 30 चा होता. केबल थेट सोलेनॉइडवर नेल्यावर तो कायम डिस्चार्जच दाखवतो, कारण चार्जिंगचा प्रवाह त्यातून जातच नाही. केबल त्याच्यातून फिरवण्याचा मोह टाळावा. मी व्होल्टमीटर बसवला.

उतरणाऱ्या बॅटरीचे कारण मात्र वेगळे निघाले. इग्निशन बंद ठेवून, निगेटिव्ह वायर सोडवून मध्ये अँमीटर लावला: 0.4 अँपिअर. बी प्लसची केबल काढली तरी आकडा तोच, म्हणजे डायोड गळत नव्हते. एकेक वायर सोडवत गेल्यावर कंट्रोल बॉक्सशी आकडा शून्यावर आला. बॉक्स जोडणीपुरता ठेवून त्याची डी आणि ए टर्मिनल जोडलेली होती, पण आतली कटआउट (डायनामो थांबल्यावर त्याला बॅटरीपासून तोडणारा स्विच) आणि रेग्युलेटरची कॉइल तशीच. ती आता कायम बॅटरीवर होती. दोन दिवसांत 19 अँपिअर-तास खाणारी. कॉइलच्या वायरी आतून कापल्या, झाकण परत लावले.

शेवटी मल्टीमीटरच्या एसी रेंजवर बॅटरीचा रिपल, म्हणजे डीसीत उरलेला एसीचा चढउतार, पाहिला. भार असताना 0.5 व्होल्टच्या वर गेला तर डायोड संशयास्पद समजावा. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबून 10 ते 12 मिलिमीटर ढिला ठेवला. आणि चार्जिंग तपासायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढण्याची जुनी पद्धत डायनामोसोबतच सोडून द्यावी. व्होल्टेजच्या उसळीने रेग्युलेटर आणि डायोड क्षणात जातात.