तोंडाला नाही, हातांना वास

सकाळी सव्वाअकराला कळंगुटच्या हॉटेलातून हाउसकीपिंग सुपरवायझरचा फोन आला. "ताई, तुम्ही पाठवलेली बाई पिऊन आलीय. तोंड लालबुंद झालंय, उभं राहवत नाही. घेऊन जा तिला."

ती डिचोलीची, चौतिशीची. दारू थांबवून सहा आठवडे झाले होते. पहिल्या आठवड्यात थायामिनची (ब१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शनं आणि दारू सुटतानाचा त्रास आवरणाऱ्या लोराझेपामचा उतरता डोस झाला, त्यानंतर रोज २५० मिलिग्रॅम डायसल्फिराम, म्हणजे दारू पोटात गेली की त्रास व्हावा म्हणून द्यायची गोळी. दारू सोडणाऱ्या बायकांना आम्ही काम शोधून देतो; खोल्या लावायचं हे कामही आम्हीच मिळवून दिलं होतं आणि तिचा कामावरचा तो चौथा दिवस होता.

स्टाफरूममध्ये ती भिंतीला टेकून बसलेली. चेहरा, मान लाल, मळमळ, नाडी ११८, रक्तदाब १००/६०. "ताई, पोरांची शपथ, घोटभरसुद्धा घेतली नाही." तोंडाला वास नव्हता, हातांना होता. सिक्युरिटीचं श्वासातली दारू मोजायचं मशीन वाजलं होतं खरं, पण ते तिने ओल्या हातांनी तोंडाशी धरलं होतं.

हात कोपरापर्यंत साबणाने धुवायला लावले, वाऱ्यावर बसवलं, वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं. शून्य.

ट्रॉलीवरच्या बाटलीचं लेबल वाचलं : इथाइल अल्कोहोल ७०%. प्रत्येक खोलीआधी आणि नंतर हातांना चोळायचं, शिवाय त्याच बाटलीने बाथरूमचे नळ पुसायची तिथली पद्धत. दार बंद, पंखा बंद, सातवी खोली. दारू शरीरात मोडताना आधी ॲसिटाल्डिहाइड तयार होतं आणि ते पुढे मोडणारं यकृतातलं एन्झाइम डायसल्फिराम अडवतं. मग ॲसिटाल्डिहाइड साचतं आणि चेहरा लाल होतो, मळमळतं, नाडी वाढते. कातडीतून फार थोडं शिरतं, पण कोंडलेली वाफ तासन्‌तास श्वासातून जात राहिली की काहींना तेवढंही पुरतं. तिचा त्रास सौम्य होता, तासाभरात नाडी उतरली. छातीत दुखलं असतं किंवा रक्तदाब आणखी पडला असता तर थेट इस्पितळ गाठावं लागलं असतं.

सुपरवायझरला काय सांगायचं, हा प्रश्न मला औषधापेक्षा अवघड वाटला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारूच्या व्यसनाचा आजारही येतो, आणि तिच्या परवानगीशिवाय तो मालकाला सांगता येत नाही. तिला आधी बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "सॅनिटायझर सोसत नाही, एवढंच सांगा." तेवढंच सांगितलं. ते खरंही होतं. मशीनवरचा शून्य सुपरवायझरने स्वतः पाहिला होता, त्यामुळे नोकरी टिकली.

चूक आमची होती. आमच्या फॉर्मवर पगार, शिफ्ट, म्हापशाहून सुटणारी शेवटची बस, पोरांना कोण सांभाळणार, सगळं होतं. दिवसभर हातांना काय लागणार आणि नाकात काय जाणार, हे कुठेच नव्हतं. पाहुण्यांचे अर्धे भरलेले ग्लास बेसिनमध्ये ओतायचं कामही तिच्याकडेच होतं, ते मला त्या दिवशी कळलं. दारू सोडून सहाच आठवडे झालेल्या बाईला हे काम देणं म्हणजे तिला रोज बारमध्ये उभं करणं.

साध्या समुपदेशकांनी दारूवर द्यायच्या उपचाराची चाचणी गोव्यातच झाली, २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली, पण ती पुरुषांवर. बाईच्या नोकरीचे हे प्रश्न तिथे सापडत नाहीत, ते आम्हाला ट्रॉलीजवळ उभं राहूनच शिकावे लागतात.

डॉक्टरांनी यकृताची तपासणी करून तिला नालट्रेक्सोनवर नेलं, रोज ५० मिलिग्रॅम. ते दारूची ओढ कमी करतं, दारूशी अशी रिॲक्शन देत नाही. डायसल्फिरामचा परिणाम गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, म्हणून तेवढे दिवस सॅनिटायझर पूर्ण बंद, साबण-पाणी आणि हातमोजे. काम बदलून लाँड्री मिळाली : चादरी मोजणं, घड्या घालणं. आता कुणालाही कामावर पाठवण्याआधी औषधांची यादी हातात घेऊन आमच्यातली एकजण तिथली एक पूर्ण शिफ्ट पाहते. झोप आणणारी गोळी चालू असेल तर बॉयलर, सुरी, इस्त्री नाही. काजूच्या हंगामात फेणीच्या (काजूच्या दारूच्या) भट्टीजवळचं काम नाही, मजुरी जास्त मिळत असली तरी.

पगार सात तारखेला, तिच्या स्वतःच्या खात्यात. त्या संध्याकाळी ती बसमध्ये चढली की मी फोन करते आणि डिचोलीला उतरेपर्यंत आम्ही बोलत राहतो.