हंपीच्या खाचा: तळ खोटा, आता भिंतींकडे मोर्चा

हंपीच्या ग्रॅनाइट धोंड्यांवर चौकोनी खाचांच्या रांगा दिसतात; त्यांत पाचरी ठोकून दगड फोडायचे. काही रांगांवर दगड फुटलाच नाही. अशा न फुटलेल्या रांगांची फोटोंवरून केलेली त्रिमिती मॉडेल हाती आली की पाचर लाकडी होती की लोखंडी, हे ठरवायचं असं मागच्या नोंदीत म्हटलं होतं. मॉडेल आली आणि घोळ वाढला. जवळजवळ प्रत्येक खाचेचा तळ वाटीसारखा गोल दिसतोय, आणि हा गोलवा दगडात नाहीच.

खात्रीसाठी कुंपणाच्या ग्रॅनाइट खांबाच्या तुकड्यात दोन खाचा पाडून घेतल्या. दोन्ही ६० मिमी लांब, २५ रुंद, ५० खोल. एकीचा तळ निमुळता, दुसरीचा सपाट. साइटवरच्याच सेटिंगने (५० मिमी मॅक्रो, एफ/११, आयएसओ १००) फोटो काढले. मॉडेलमध्ये दोन्ही खाचा जुळ्या बहिणी!

कारण भूमितीत आहे. एवढ्या खाचेच्या तळाचा मध्य आडव्या बाजूने फक्त १४ अंशांच्या कलापर्यंत दिसतो. त्यापुढे काठ आड येतो. लांबीच्या दिशेने मात्र ३१ अंशांपर्यंत मुभा मिळते. आपण सगळेच धोंड्याभोवती गोल फिरून फोटो काढतो, त्यामुळे बहुतेक फोटोंत तळ नसतोच. मग सॉफ्टवेअर काठापासून काठापर्यंत गुळगुळीत पडदा ओढून मोकळं होतं. मेटाशेप या मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इंटरपोलेशन (रिकामी जागा अंदाजाने भरणं) बंद केलं की तळाच्या जागी भोक दिसतं. ते भोक खरं बोलतं.

उपाय असा: खाचेच्या लांबीच्या रेषेवर कॅमेरा सरकवत न्यायचा, दर पाच-सहा अंशांना एक फोटो, आणि अशा दोन-तीन समांतर ओळी. रिंग लाइट नकोच. तो काठ भाजून काढतो आणि तळ काळा ठेवतो. छोटा एलईडी ट्रेसिंग पेपरमधून वरून सोडला तर आत उजेड उतरतो, पण फोटोंची एक ओळ पुरी होईपर्यंत तो हलवू नये. सावल्या सरकल्या की जुळणी बिघडते. छेद मेशवरून (सॉफ्टवेअरने ओढलेल्या सलग पडद्यावरून) न घेता थेट पॉइंट क्लाउडवरून (फोटोंतून मोजलेल्या सुट्या बिंदूंवरून), क्लाउडकंपेअर या सॉफ्टवेअरमध्ये, २ मिमी जाडीचा घ्यावा. चाचणीच्या दगडावर आता निमुळता तळ निमुळता येतो. एवढ्यावर चहा झालाच पाहिजे.

हंपीत मात्र आणखी एक खोटा तळ आहे: माती. आडव्या पृष्ठावरच्या खाचांत वाऱ्याने आलेली माती आणि दगडफूल साचलेलं असतं. संरक्षित जागेत ते उकरायचं नाही, सिलिकॉनचा ठसा तर मुळीच घ्यायचा नाही. म्हणून उभ्या अंगावरच्या रांगाच घ्याव्यात. त्या रांगा वाटाडे सांगतात त्या गोष्टीलाही अडचणीच्या आहेत: लाकडी पाचर ठोकून ती फुगावी म्हणून पाणी ओतलं तर उभ्या अंगावरच्या खाचेत ते थांबणार कसं? ओलं फडकं गुंडाळून, असं उत्तर मिळतं. मिळू दे.

हे लिहिताना एक गोष्ट खटकतेय. आपण तळाच्या मागे का लागलोय? लोखंडी पाचरीचं टोक तळाला टेकताच कामा नये. टेकलं की घणाचा जोर भिंतींवर न जाता तळात मुरतो. अर्धकोन ५ अंशांची पाचर घर्षणच नसेल तर प्रत्येक भिंतीवर घावाच्या ५.७ पट जोर टाकेल. घर्षणकोन १५ अंश धरला तर जेमतेम १.४ पट. म्हणून तर पाचरीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या घालतात. म्हणजे पुरावा असेल तर तो भिंतींच्या वरच्या भागात, चिरडलेल्या दगडाच्या पट्ट्यांच्या रूपात. फुगणारं लाकूड भिंतीला सगळीकडून दाबेल, अशी पट्टी उठवणार नाही.

मग न फुटलेल्या रांगा बाजूला. फुटलेल्या दगडाच्या कडेला अर्ध्या खाचा उघड्या असतात. खाचेची भिंत समोर, ना अंधार ना काठ. शिवाय काळाचा प्रश्नही सुटतो. उघड्या धोंड्यावरची चौकोनी खाच विजयनगरची की अलीकडच्या खाणवाल्याची, हे नुसत्या आकारावरून सांगता येत नाही, कारण छिन्नी आणि पाचर आजही तशीच चालते. (गोल नळीसारखी अर्धी भोकं ड्रिलची, ती सोडा.) पण विजयनगरकालीन तटबंदीत मूळ जागी बसलेल्या चिऱ्यावर अर्धी खाच असेल, तर ती १५६५ च्या आधीचीच. फक्त डागडुजी झालेला भाग टाळायचा. नवा चुना दिसला की पुढे चला.

चिरडलेली पट्टी बघायला आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग: कॅमेरा स्थिर ठेवून दिवा वेगवेगळ्या बाजूंनी धरत काढलेले फोटो) उत्तम, पण त्याला तिपाई लागते आणि तिपाईला पुरातत्त्व खात्याची परवानगी. ती येईपर्यंत सकाळचं तिरपं ऊन आणि हातातला कॅमेरा. परवानगी आली तर दिव्याची दिशा कळण्यासाठी शेजारी ठेवलेला चकचकीत गोळा फोटोत किमान २५० पिक्सेल रुंद यावा आणि दिवा विषयाच्या कर्णाच्या तिप्पट-चौपट अंतरावर असावा. ऑनलाइन मिळणारे स्वस्त क्रोम गोळे घेऊ नका, ओरखडे लगेच पडतात. स्नूकरचा काळा चेंडू बरा. मोजपट्टीसाठी लॅमिनेट केलेला कागद चकाकतो. नंबरप्लेटवाल्याकडून एसीपीच्या (अॅल्युमिनियमच्या पॅनेलच्या) मॅट तुकड्यावर छापून घ्या.

तटबंदीच्या चिऱ्यांवरच्या अर्ध्या खाचांचे फोटो कुणाकडे असतील तर मूळ रॉ फाइल पाठवा. मोजपट्टी चौकटीत हवी आणि ऊन कुठल्या बाजूने होतं तेही लिहा. पाऊस पडून गेल्यावरचे नकोत, ओल्या ग्रॅनाइटच्या चकाकीत चिरडलेली पट्टी दिसत नाही.