'एजॅक्स'मधून 'दिल्ली'

एअरफिक्स कंपनीचा, 'एजॅक्स' या ब्रिटिश क्रूझर युद्धनौकेच्या १:६०० मापाच्या प्लास्टिक मॉडेलचा किट घेतला, पण मला बनवायची होती तिची बहीण, म्हणजे त्याच वर्गातली 'अकिलीस'. दोघी १९३९ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत 'ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेशी भिडल्या. 'अकिलीस' १९४८ मध्ये आपल्या नौदलात आली आणि पुढे 'आयएनएस दिल्ली' झाली. डिसेंबर १९६१ मध्ये दीव पोर्तुगीजांकडून मुक्त करण्याच्या मोहिमेत ती होती. मला तीच 'दिल्ली' टेबलावर हवी आहे.

किटमध्ये चार टरेट (तोफांचे फिरते बुरूज) आहेत, 'दिल्ली'वर तीनच. १९४३ च्या जानेवारीत पॅसिफिकमधल्या ग्वादलकनाल बेटाजवळ 'अकिलीस'वर बॉम्ब पडला आणि मागच्या दोन टरेटपैकी वरचा निकामी झाला. दुरुस्तीत त्याच्या जागी विमानवेधी तोफा आल्या. म्हणून तो टरेट मी लावलाच नाही. खालचं भोक प्लास्टिकच्या पत्र्याने बुजवलं, पुट्टी भरली आणि ओल्या पॉलिशपेपरने घासलं. विमान उडवायचं कॅटापल्टही गाळलं.

सगळ्यात जीव रमतो तो दोरखंडात. किटची उरलेली प्लास्टिकची काडी मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकवता, फिरवायची. मऊ पडून चमकायला लागली की बाजूला घेऊन दोन्ही हातांनी सावकाश ओढायची. केसाइतकी बारीक तार निघते, तोच मॉडेलवरचा दोरखंड. घाईने ओढली तर तुटते, रेंगाळलात तर जाड राहते. पंखा मात्र बंद हवा, मग मुंबईच्या मे महिन्यात घामाच्या धारा लागल्या तरी चालेल! शिडाच्या जहाजांनंतर दोरखंड संपले असं वाटतं, पण वायरलेसच्या तारांशिवाय त्या काळची क्रूझर बोडकी दिसते.

आता डोलकाठ्या पितळी तारेच्या करतोय. करडा रंग त्यानंतर.