काळी कोंबडी

पाहुणा आला की कोंबडी धरायचं काम लहानपणी माझ्याकडे असायचं. अंगणात पंधरा-वीस पांढऱ्या कोंबड्या. मी धावलो की सगळ्या एकदम फुटायच्या. ही धरू की ती, या घोळात हात रिकामाच. एकदा त्यांच्यात एक काळी आली. नजर तिच्यावरच ठेवली आणि पहिल्या झडपेत ती हाती लागली. बिचारीचा गुन्हा एवढाच, की ती वेगळी दिसायची.

हे आठवलं ते समुद्रामुळे. आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, त्यामुळे आमचा समुद्र मोबाइलमध्येच. परवा मामा तलावाच्या, म्हणजे गावच्या जुन्या माजी मालगुजारी तलावाच्या, पाळीवर बसून दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची तारली, म्हणजे सार्डिन मासळी, पाहत होतो. मे ते जुलैच्या सुमारास तिथं तारलीचे प्रचंड थवे किनाऱ्याच्या कडेनं निघतात. प्रत्येक माशाच्या कुशीवर पाण्याची हालचाल टिपणारी एक रेघ असते. शेजारी वळला की ती रेघ कळवते, आणि सगळा थवा एका अंगानं वळतो. एकट्या शिकाऱ्याची गत मग अंगणातल्या माझ्यासारखी.

डॉल्फिन मात्र एकटे येत नाहीत. खालून वळसा घालून, बुडबुडे सोडत, ते थव्याला वर रेटतात. घाबरलेली तारली एकमेकींना आणखी बिलगते, तिचा गच्च गोळा होतो. वर पाणीच संपलेलं. मग गॅनेट पक्षी पंख मिटून आभाळातून सुळकन पाण्यात घुसतात, बाजूनं शार्क शिरतात, एखादा देवमासा जबडा उघडून येतो. थोड्या वेळानं पाण्यात फक्त खवले तरंगत खाली जाताना दिसतात.

पण मला भावला तो सेलफिश. तलवारीसारखी लांब चोच तो थव्यात अलगद सरकवतो आणि आडवी फिरवतो. मासा लगेच तोंडात येतोच असं नाही, पण चार-दोघांचे खवले उडतात. मग तो बाजूला होतो, दुसरा सेलफिश पुढं येतो. जखमी मासे मागं पडू लागतात. म्हणजे या गड्याला काळी कोंबडी शोधावी लागत नाही. तो ती तयार करतो!

शेजारी जाळं सुकवत बसलेल्या ढिवरकाकांना मी हे उत्साहानं दाखवलं. त्यांनी स्क्रीनकडे धड पाहिलंही नाही.

"यात का नवल हाये, बापू? थे पाय."

समोर पाणकावळ्यांची एक फळी बुड्या मारत काठाकडे सरकत होती. तिच्यापुढं बारीक मासोळ्या पाण्यावर चमकत उडत होत्या. काठाला बगळे आधीच येऊन उभे. एक मासोळी उडून ओल्या चिखलात पडली. दोन बगळे एकदम तिच्यावर धावले, एकमेकांना धडकले आणि तिथंच भांडत बसले. मासोळी दोनदा तडफडली आणि घरंगळत पाण्यात गेली.

"सुटली!" काका म्हणाले, आणि जाळ्याची गाठ सोडवू लागले.