मालिका चार भागांची, आळ वीस वर्षांचा

आईशी निवांत बोलायचं तर माझ्या जेवणाच्या सुट्टीतच. हिवाळ्यात इथे इंग्लंडात दुपारचा एक वाजतो तेव्हा साताऱ्यात साडेसहा झालेले असतात, आणि माझ्या हातात बरोबर अर्धा तास असतो. सातला तिच्या मालिका लागतात. सातनंतर केलेला फोनही ती उचलते, पण डोळे टीव्हीकडे. मधेच "अगं बाई, ही परत आली!" म्हणते, ते मला उद्देशून नसतं.

असंच एकदा तिने विचारलं, "तुमच्याकडे काय चालू आहे सध्या?" मी म्हटलं, पोस्टाची मालिका होती, संपली.

"किती भाग?"

"चार."

"चार भागांत काय होतं? आमच्याकडे चार भागांत हळदसुद्धा वाळत नाही."

ही गोष्ट जानेवारी २०२४ ची. इंग्लंडात येऊन मला तेव्हा दहा वर्षं झाली होती. आम्ही राहतो वोकिंगला, लंडनच्या नैर्ऋत्येला, आगगाडीने अर्ध्या तासावर. पहिली दोन वर्षं ऑफिसात चहाच्या कोपऱ्यात मी मुकी उभी असायची. इथला माणूस अनोळखी माणसाशी दोनच विषयांवर बोलतो : हवामान आणि काल रात्रीचा टीव्ही. हवामानावर दोन वाक्यांपलीकडे मला काही सुचत नसे, म्हणून टीव्ही बघायला लागले. त्यासाठी वर्षाला लायसन भरावं लागतं, २०२५ मध्ये ते १७४.५० पौंड होतं. आई आधी हसली, मग तिला आठवलं की आपल्याकडेही रेडिओचं लायसन असायचं आणि ते पोस्टात भरायला जावं लागायचं.

सुरुवात केली 'बेक ऑफ'पासून. बागेत पांढरा तंबू, त्यात हौशी माणसं केक भाजतात, आणि जिंकणाऱ्याला रोख बक्षीस म्हणून एक पैसा नाही. केक ठेवायचा काचेचा स्टँड आणि फुलं. स्पर्धक एकमेकांना मिक्सर धरायला मदत करतात! २०१८ साली कोलकात्याहून आलेला राहुल मंडल जिंकला. प्रत्येक केक भट्टीतून काढताना त्याचा चेहरा दहावीचा निकाल लागायच्या दिवशी असतो तसा. त्या आठवड्यात ऑफिसातले लोक माझं असं अभिनंदन करत होते की राहुल माझा आतेभाऊ असावा. मीही नाही म्हटलं नाही.

पण सांगायचं आहे ते जानेवारीतल्या त्या आठवड्याबद्दल. एक ते चार तारखेला रोज रात्री आयटीव्हीवर 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस' होती. तीन तारखेला बीबीसीवर 'द ट्रेटर्स'चा दुसरा सीझन सुरू झाला. तीन आणि चारला आम्ही एक बघून झाल्यावर लगेच दुसरी लावली. एक खरी घडलेली गोष्ट, दुसरा निव्वळ खेळ. झोपायला गेले तेव्हा डोक्यात दोन्हींची सरमिसळ झालेली होती, आणि ती आजतागायत सुटलेली नाही.

'ट्रेटर्स' तुम्हाला नवा नाही. करण जोहरने जैसलमेरच्या महालात हिंदीत केला तोच खेळ, मूळचा डच. इथला स्कॉटलंडच्या आर्ड्रॉस किल्ल्यात होतो. वीस-बावीस माणसं गोल मेजाभोवती डोळ्यांवर पट्टी बांधून बसतात, सूत्रसंचालिका क्लॉडिया विंकलमन मागून फिरते, आणि जिच्या खांद्याला हात लावेल ती व्यक्ती गद्दार. गद्दार रात्री एकाचा 'खून' करतात. सकाळी नाश्त्याला जो आला नाही तो गेला. संध्याकाळी पुन्हा गोल मेज : प्रत्येकाने पाटीवर नाव लिहायचं, ज्याचं नाव जास्त तो बाहेर. जाताना तो सांगतो, मी प्रामाणिक होतो की गद्दार. बिग बॉससारखी प्रेक्षकांची मतं नाहीत. लिटिल चॅम्प्सच्या काळात आमच्या आत्याने एसएमएस करकरून फोनचा बॅलन्स संपवला होता, तसली काही सोय इथे नाही. आपण फक्त बघायचं आणि हळहळायचं.

कारण पट्टी बांधली तेव्हापासून आपल्याला सगळं माहीत असतं. समोर एखाद्या बाईने म्हणावं, "तू नाश्त्याला आलास तेव्हा माझ्याकडे बघितलं नाहीस," आणि तेवढ्यावर अकरा जणांनी पाट्यांवर त्याचं नाव लिहावं. तो जाताना म्हणतो, मी प्रामाणिक होतो. सगळे तोंडावर हात घेतात. आणि दुसऱ्या संध्याकाळी तितक्याच आत्मविश्वासाने नवं नाव. पुरावा कुणाकडेच नसतो, खेळात पुरावा असूच शकत नाही. असते ती फक्त खात्री.

आता पोस्टाचं. इथली बरीच पोस्टं म्हणजे दुकानाच्या कोपऱ्यातला एक काउंटर. दुकानदारच सबपोस्टमास्टर. तो पोस्टाचा नोकर नाही, करार करून पोस्ट चालवतो, आणि हिशेबात तूट आली तर ती त्याने भरायची असं करारात लिहिलेलं. १९९९ पासून या काउंटरांवर होरायझन नावाची संगणक प्रणाली आली, जपानी फुजित्सू कंपनीची. मग ठिकठिकाणी तुटी दिसायला लागल्या. हॅम्पशरमधल्या जो हॅमिल्टन नावाच्या सबपोस्टमास्टर बाईंनी हेल्पलाइनला फोन करून तिकडून सांगतील तशी बटणं दाबली, तर डोळ्यांदेखत दोन हजार पौंडांची तूट चार हजारांची झाली. तो प्रसंग मालिकेत आहे. ना मोठं संगीत, ना चेहऱ्यावर तीनदा झूम. आकडा बदलतो, एवढंच. माझ्या अंगावर काटा आला.

हेल्पलाइन लोकांना सांगायची, असं फक्त तुमच्याकडेच होतंय. गोल मेजावर निदान सगळे एका खोलीत तरी असतात. इथे शेकडो माणसं शेकडो गावांत, आणि प्रत्येकाला वाटतंय की आपणच एकटे चुकतोय. पोस्ट ऑफिसला स्वतःच खटले भरायचा अधिकार होता. त्यात इंग्लंडच्या कायद्यात तेव्हा एक गृहीतक होतं : उलटं सिद्ध होत नाही तोवर संगणक बरोबर चालला आहे असं धरायचं. म्हणजे माणसाने शाबीत करायचं की यंत्र चुकलं, आणि यंत्राचं पोट उघडून बघायची मुभा त्याला नाही. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून जास्त माणसं दोषी ठरली. चोरी, खोटे हिशेब. काही तुरुंगात गेली, काहींची घरं गेली, काहींनी जीव दिला.

आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आळ."

शब्द बरोबर होता. तिच्या मालिकांतही हेच तर चालतं. सुनेच्या कपाटात नेकलेस ठेवायचा आणि सगळ्यांसमोर कपाट उघडायचं. ठेवणारी कोण हे प्रेक्षकाला पहिल्या भागापासून ठाऊक, तरी चार महिने आपण बघतो, कारण घरच्यांना कधी कळेल याची चुटपुट. मी आईच्या मालिकांना हसायचे, आता पूर्वीसारखं हसवत नाही. गोष्ट तीच आहे. फरक एवढाच की पोस्टाच्या मालिकेत भुवई उडवणारी जाऊ नाही. तिथला खलनायक म्हणजे सभ्य भाषेतलं पत्र. 'आपल्या खात्यावर अमुक रक्कम येणे दिसते.' अशा खलनायकाचे कान कोण उपटणार?

मग आईने आबांचं सांगितलं. माझे आजोबा गावात शाखा पोस्टमास्तर होते, ओसरीवरच्या लाकडी पेटीत अख्खं पोस्ट. संध्याकाळी हिशेब मांडताना चार-पाच रुपये कमी आले तर कंदिलाच्या उजेडात दोनदा मोजायचे आणि मग गुपचूप पदरचे घालायचे. "गावात नाव असतं ना," आई म्हणाली. नेमकं हेच इथल्यांनी केलं. आबांचे पाच रुपये, यांचे पाच हजार पौंड, मग वीस हजार. बचत संपली की घर गहाण, मग सासऱ्याकडे हात. गावात नाव असतं ना.

वोकिंगहून लंडनच्या बाजूला गाडीचं पुढचं स्टेशन वेस्ट बायफ्लीट. सीमा मिश्रांचं पोस्ट तिथलं. ७४,००० पौंडांची तूट, त्या वेळच्या हिशेबाने पन्नास लाख रुपयांच्या वर. नोव्हेंबर २०१० मध्ये गिल्डफर्डच्या कोर्टात त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या दिवशी त्यांच्या मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता, आणि पोटात दुसरं बाळ. २०२१ मध्ये वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली. मी रोज त्या स्टेशनावरून जायचे आणि मला हे काहीच ठाऊक नव्हतं. बातम्यांत आलं असणार, नजरेखालून गेलंही असेल. 'पोस्ट ऑफिस घोटाळा' असा मथळा वाचून मी बहुधा पान उलटलं.

आणि इथेच माझं या मालिकेशी थोडं भांडण आहे. 'कॉम्प्युटर वीकली'ने ही गोष्ट २००९ मध्ये छापली. त्याच वर्षी, पूर्वी स्वतः सबपोस्टमास्टर असलेल्या अॅलन बेट्सनी फेनी कॉम्प्टन नावाच्या खेड्यातल्या सभागृहात पीडितांना पहिल्यांदा एकत्र केलं. २०१९ मध्ये ५५५ जणांनी पोस्टाविरुद्ध दावा जिंकला, आणि भरपाईचा मोठा घास खटल्याच्या खर्चातच गेला. सगळं जगजाहीर होतं. पण देश हलला तो टोबी जोन्सने बेट्सची भूमिका केल्यावर. एक कोटीहून जास्त लोकांनी मालिका पाहिली. आठवड्याभरात पोस्टाच्या माजी प्रमुख बाईंनी आपला सरकारी किताब परत केला, दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी संसदेत कायद्याचं आश्वासन दिलं, आणि मे महिन्यात कायदा होऊन शेकडो शिक्षा एका फटक्यात रद्द झाल्या. टीव्हीची ताकद म्हणून इथे सगळे कौतुक करत होते. मला मात्र राहून राहून वाटायचं, ज्यांच्या गोष्टीवर कुणी मालिका काढली नाही त्यांचं काय?

माझ्या कलिगला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, बातमी वाचून आपण ठरवतो कोण खरं, मालिका बघून आपण त्या माणसाच्या स्वयंपाकघरात बसतो. असेल. पण मग गोल मेजावर बसलेली माणसं दिवसचे दिवस एकाच किल्ल्यात एकत्र असतात, एका मेजावर जेवतात, तरी चुकतात.

त्या सीझनचा शेवट २६ जानेवारीला झाला. मँचेस्टरकडचा जॅझ सिंग गद्दार हॅरीवर संशय घेऊन होता आणि अगदी बरोबर होता. त्याने तो शेवटपर्यंत पोटात ठेवला. शेवटी तिघं उरले : जॅझ, हॅरी आणि हॅरीवर जीव टाकणारी मॉली. पाटी मॉलीच्या हातात. ती घुटमळली, आणि तिने जॅझचं नाव लिहिलं. हॅरी ९५,१५० पौंड घेऊन गेला. त्याने खरं सांगितलं तेव्हा मॉली उठून बाहेर पडली. आमच्या घरात माझा नवरा, जो एरवी असल्या कार्यक्रमांना 'टाइमपास' म्हणतो, उभा राहून टीव्हीवर ओरडला. नंतर स्वतःच म्हणाला, "मीसुद्धा जॅझचंच नाव लिहिलं असतं. फार गप्प होता."

२०२५ मध्ये सेलिब्रिटींचा सीझन झाला तेव्हाही तेच. नावाजलेली, हुशार माणसं, आणि एकामागून एक निर्दोष बाहेर. गद्दार अॅलन कार जिंकला आणि जिंकताना हमसून रडला. पैसे धर्मादाय कामाला गेले, पण खोटं बोलल्याची टोचणी त्याला खरीच लागली होती असं वाटलं. पोस्टाच्या चौकशीत साक्षीला आलेल्या साहेबलोकांपैकी बऱ्याच जणांना फारसं काही आठवत नव्हतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक दुकान आहे. दूध, ब्रेड, लॉटरी आणि मागे पोस्टाचा काउंटर. दुकान एका गुजराती काकांचं, केनियातून आलेले. आईला स्वेटर पाठवायचा होता म्हणून त्या जानेवारीत गेले तर रांगेतल्या दोन बायका त्यांना मालिकेबद्दलच विचारत होत्या. काका हसून मान हलवत होते. माझी पाळी आली तेव्हा मीही विचारलं, पाहिली का? म्हणाले, "नहीं बेटा. तीस साल से ये काउंटर देख रहा हूं." त्यांनी कधी पदरचे घातले का, हे मी विचारलं नाही.

पार्सल वजनावर ठेवलं, लेबल छापून आलं, पावती आली. मग त्यांनी गल्ल्याखालून एक लांबट वही काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि तारीख, सातारा, वजन, रक्कम असं सगळं हाताने लिहून घेतलं. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "मशीन अपना लिखे, मैं अपना लिखूं."

स्वेटर बारा दिवसांनी पोहोचला. आईला बाह्या लांब झाल्या.