महिनाभर नुसत्या शेपट्या

मे महिन्यात कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर मी दीडेक हजार फोटो काढले. त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीचे: कवड्या खंड्याची शेपटी.

बाकीचे खंड्या तारेवर नाहीतर फांदीवर बसून पाण्याकडे बघत राहतात. हा काळा-पांढरा कवड्या वेगळा. पाण्यावर बऱ्याच उंचीवर जातो, पंख फडफडवत हवेत एका जागी थांबतो, चोच सरळ खाली, आणि मासा टप्प्यात आला की दगडासारखा सूर मारतो. मला वाटलं, पक्षी स्वतःहून थांबतोय म्हटल्यावर अवघड काय आहे? दाबायचं बटण.

रोज पहाटे रंकाळा टॉवरच्या बाजूला जाऊन उभी राहायचे. सूर्य पाठीशी हवा, हे कुठल्याही फोटोग्राफीच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगतात. तसा तो होता. जुना घेतलेला कॅमेरा, लांबचं जवळ आणणारी ७०-३०० मिमीची लेन्स, शटर १/२५०० सेकंद. फिरायला आलेली मंडळी जाता जाता विचारायची, "काय, वाघ दिसला काय?" एकदा तर हवेत थांबलेला खंड्या सोडून मी मागच्या स्क्रीनवर आधीचे फोटो बघत बसले आणि तेवढ्यात नुसतं 'डुबुक' ऐकू आलं. वर बघितलं तर साहेब मासा घेऊन शालिनी पॅलेसच्या दिशेनं निघाले होते. त्या दिवशी घरी येऊन सगळ्यांवर चिडले. कारण कुणालाच कळलं नाही.

चांगले फोटो काढणारे सांगतात, "कधी दाबायचं ते आतून कळतं." मला आतून कळायचं ते फक्त घरी नळाला पाणी आल्याचं.

काठावर एक काका गळ टाकून बसायचे. आम्ही दोघं महिनाभर शेजारी, पण बोलणं नाही. एके दिवशी वैतागून मी कॅमेरा पिशवीत टाकला तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुमी रोज चुकीच्या काठाला येताय."

"पण ऊन मागं आहे की!"

"ऊन ऱ्हाऊ द्या. वारं बगा की."

वारा पश्चिमेकडून, थेट माझ्या तोंडावर येत होता. हवेत थांबायचं तर पक्ष्याला वाऱ्याकडं तोंड करावंच लागतं. म्हणजे माझ्याकडं त्याची पाठ. महिनाभर! ऊन मी बघितलं होतं, वारा बघितलाच नव्हता. आणि मी तोच वारा तोंडावर घेऊन केस सावरत उभी होते, हे आठवलं की अजून हसू येतं.

मग संध्याकाळी पलीकडं, शालिनी पॅलेसच्या काठाला जायला लागले. तिथं मावळतं ऊनही पाठीशी आणि वाराही. पण पहिले आठ दिवस कॅमेरा बाहेरच काढला नाही. हे कुणी सांगितलं नव्हतं, माझाच हट्ट. नुसतं बघायचं आणि मनात आकडे मोजायचे. पहिल्यांदा सगळं सारखंच दिसायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं, की चोच किंचित वर उचलली की तो सूर मारत नाही, पुढं सरकतो. आणि थांबल्या जागेवरून हातभर खाली घसरून पुन्हा थांबला, की समजायचं आता लक्ष पक्कं झालं. असं दोनदा खाली आला की बहुतेक वेळा सूर. बहुतेक वेळा. कधी कधी मासाच हुशार निघतो.

तारेवर बसलेल्या पक्ष्याचंही एक आहे. उडायच्या जरा आधी तो पुष्कळदा शिटतो. हे कुठल्या वर्गात सांगत नाहीत, पण माझ्या कितीतरी फोटोंना याच खुणेनं वाचवलंय.

नवव्या दिवशी कॅमेरा काढला. केंदाळाच्या, म्हणजे जलपर्णीच्या, कडेला कवड्या थांबला होता, तोंड माझ्याकडं, छातीवर दोन काळे पट्टे, म्हणजे नर. एकदा खाली आला. दुसऱ्यांदा खाली आला. बोटानं बटण दाबलं तेव्हा तो अजून हवेतच होता. मी का दाबलं, ते मला विचारू नका. डोक्यात शब्द उमटायच्या आधीच हात चालला. कॅमेऱ्याची कडकड थांबली तेव्हा पाण्यावर फक्त वलयं होती.

अठरा फोटो. सोळा वाया: कशात पाण्याचा शिंतोडा, कशात नुसतं केंदाळ. सतराव्यात तो पाण्यातून वर निघालाय, पंख अर्धे उघडलेले, चोचीत आडवा मासा, डोळा लख्ख. उजव्या पंखाचं टोक कापलं गेलंय, ते मला अजून खुपतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवरकडं गेले ते फक्त काकांना दाखवायला. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. पक्ष्याकडं फारसं बघितलंच नाही.

"चिलापी हाय," ते म्हणाले. "सकाळधरनं बसलोय, मला एक गावंना."