पॅरिसला गेले आणि शेवटच बघायचा राहिला

पॅरिसचे पहिले चार दिवस आयफेल टॉवर, दोन संग्रहालयं आणि टाचेला आलेले फोड यांत गेले. मी खरं तर ९ ऑगस्ट २०२४ या एका तारखेसाठी गेले होते. स्टाद द फ्रान्स स्टेडियम, संध्याकाळी साडेसात, महिलांच्या ४ x १०० रिलेची अंतिम फेरी. मैदानाच्या तिकिटाचा आकडा सासूबाईंना अजून सांगितलेला नाही. ऑलिंपिकच्या नावाखाली मेट्रोच्या एका तिकिटाचे चार युरो घेत होते, ते मात्र भेटेल त्याला सांगते.

स्टेडियमसाठी सँ-दनीला उतरल्यावरची गर्दी म्हणजे दादरचा पूल. फक्त इथे कुणी धक्का मारत नाही, त्यामुळे पुढेही सरकत नाही. त्या संध्याकाळची पहिलीच शर्यत ही रिले असल्यामुळे माझा जीव टांगणीला. शेवटी नवऱ्याला मागे सोडून मी जिन्यावरून पळतच सुटले.

जागा वळण संपतं तिथली, वरच्या मजल्यावर. नवरा म्हणाला, "अगं, इथून फिनिश लांब आहे." मी ती जागा मुद्दाम घेतली होती. कॉलेजात रिलेला मी तिसरी पळायचे. सर म्हणायचे, "तू वळणावर पळ, तिथे कुणाचं लक्ष नसतं." अजून टोचतं ते. अहो, चौघींपैकी पहिली बॅटन, म्हणजे ती हातातली नळी, फक्त देते, चौथी फक्त घेते. तिसरीला उजव्या हातात घेऊन, वळण कापून, पुढचीच्या डाव्या हातात द्यायचं असतं. तेही ३० मीटरच्या पट्ट्यात, आणि घेणारी मागे वळून बघत नाही. आमच्या वेळी पट्टा २० मीटरचाच होता. आम्ही "घे!" म्हणून किंचाळायचो.

पाऊस लागला होता. आम्ही छपराखाली कोरडे, जांभळी धावपट्टी मात्र चकचकीत ओली. अमेरिकेची तिसरी होती गॅबी थॉमस, तीन दिवसांपूर्वीच २०० मीटरचं सुवर्ण जिंकलेली. तिलाही वळणावरच ठेवलेलं बघून मला उगाच बरं वाटलं.

मेलिसा जेफरसन, मग टीटी टेरी, मग गॅबी. ती वळणावरून आमच्याच दिशेने येत होती. पुढे चौथी, शकारी रिचर्डसन, डावा हात मागे पसरलेला. बॅटन पटकन गेलंच नाही. एक क्षण दोघींचे हात नुसतेच हवेत! माझ्या तोंडून मराठीत "घे!" निघालं आणि शेजारचे फ्रेंच आजोबा दचकले. तेवढ्यात गेलं एकदाचं. शकारी पुढच्यांच्या मागे सुटली आणि माझी नजर गॅबीवरच राहिली. वेग ओसरत चाललेला, मान पुढे काढून ती बघत होती. मी तिच्याकडे बघत होते.

स्टेडियम उसळलं तेव्हा फलकावर अमेरिका ४१.७८, ब्रिटन ४१.८५, जर्मनी ४१.९७.

थोड्याच वेळात पुरुषांच्या रिलेत अमेरिकेची बॅटनच्या पहिल्याच बदलीत गडबड झाली, संघ बाद आणि सुवर्ण कॅनडाला. आजोबांनी मला खूण केली: आता ओरडा ना!

परतीच्या मेट्रोत नवऱ्याने फोन पुढे केला. रेषेजवळ पोचता पोचता शकारी मान वळवून शेजारच्या लेनमधल्या ब्रिटिश मुलीकडे बघतेय. तोवर जगभर फिरला होता तो व्हिडिओ.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

"आपल्या समोर," तो म्हणाला.